पुस्तकाला नाही म्हणायचं नसतं

महादेवराव वकिलांचा मी मुन्शी. खामगावात त्यांच्या ओसरीवर बसून अर्ज लिहायचे, तारखा सांभाळायच्या आणि पुस्तकांवरची धूळ झटकायची. हे शेवटचं काम मला कधी गोड वाटलं नाही. हायकोर्टाच्या निकालांचे खंड होते त्यांच्याकडे, कपाटं भरून. दर महिन्याला टपालानं अंक यायचा, वर्षाचे अंक जमले की बाइंडरकडे जायचे, आणि कसर लागू नये म्हणून मी मधे मधे कडुनिंबाचा पाला ठेवायचो. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये एक कपाट होतं म्हणा, पण त्यातलं निम्मं वाळवीनं खाल्लेलं.

म्हणून सगळे वकील आमच्याकडे यायचे. आणि साहेबांचा हट्ट असा की पुस्तक मागितलं की द्यायचंच, मग मागणारा समोरच्या पक्षाचा का असेना. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्यांनी हे वळण लावलेलं. न्यायाधीशापुढे कायदा पुरा यावा, आपल्या विरुद्धचासुद्धा. मी वैतागायचो. "साहेब, तुमचंच पुस्तक तुमच्याच डोक्यात हाणतात लोक," म्हणायचो. ते पान लावत हसायचे.

त्रेसष्ट साली वरवट बकालची रुखमाबाई आली. नवरा ऐन तारुण्यात गेलेला. सासऱ्यानं तेव्हा पोटगी म्हणून तिला एक वावर लिहून दिलं होतं, ती जिवंत असेपर्यंत. लेक गीताबाई नवऱ्यानं टाकलेली, आईजवळच राहायची. आईला वावर लेकीच्या नावावर करायचं होतं. दीर रंगरावानं दावा लावला की वावर हिच्या हयातीपुरतंच, पुढं माझं. आमचं म्हणणं, छप्पनच्या वारसा कायद्यानं ती पुरी मालकीण झाली. आई गेल्यावर गीताबाईनं कुठं जावं, एवढाच खरा प्रश्न होता.

युक्तिवादाच्या दिवशी रंगरावाचे वकील भाऊराव उठले. एक जुना निकाल त्यांच्या बाजूचा होता. तो त्यांना तोंडपाठ, पण खंड जवळ नाही. न्यायाधीश म्हणाले, पुस्तक दाखवा. आम्ही तो खंड उत्तर द्यायला म्हणून नेलाच होता. भाऊराव वळून म्हणाले, "महादेवराव, जरा देता का?" साहेबांनी नेमकं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. मी मागं पाहिलं. बाकावर बसलेली रुखमाबाई टक लावून बघत होती.

साहेब नंतर जीव तोडून बोलले, पण न्यायाधीशांनी तो जुना निकालच धरला. आम्ही हरलो.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाईनं त्यांना गाठलं. "वकीलसाहेब, माह्या डोयानं पाह्यलं म्या. तुमी त्याले हत्यार काऊन देलं?"

"बाई, कोर्टात तसा रिवाजच आहे. मी दिलं नसतं तरी त्यांनी कुठूनही आणलं असतं."

"रिवाज तुमचा. वावर माहं हाये."

 मला त्या बाईचा राग आला आणि साहेबांचाही आला. खरं सांगतो, बाईचा कमी आला. वरवटात आठवडाभरात बोभाटा झाला की रंगरावानं महादेवराव फोडला. ज्या माणसानं पक्षकाराचा चहा कधी फुकट घेतला नाही, त्याच्याबद्दल हे.

साहेब मात्र कपाटापुढून हलेनात. धुंडाळत राहिले, आणि ताज्या अंकात त्यांना हायकोर्टाच्याच जास्त न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाचा निकाल सापडला. जुना निकाल त्यात साफ मोडीत काढला होता. बुलढाण्याला जिल्हा कोर्टात अपील केलं असतं तर वावर वाचत होतं. पण बाईनं त्यांच्याकडचे कागद उचलून वाहेद वकिलांकडे नेले होते. वाहेद तरणा, हुशार, नेकीचा. साहेबांनी मला त्यांच्याकडे पिटाळलं. "त्यांना म्हणावं, स्वतः येऊन अंक घेऊन जा. मुदत सरायच्या आत अपील टाका."

वाहेद आले. पान पाहून त्यांचा चेहरा खुलला. "महादेवरावजी, बाईचं काम झालं समजा," म्हणाले आणि अंक काखेत मारून फाटकाबाहेर पडले. बाहेर रुखमाबाई आणि गीताबाई उभ्या. आपला वकील कुठं गेला म्हणून विचारत विचारत आल्या होत्या.

बाईनं काखेतला अंक पाहिला. वाहेदनी समजावलं, मी ओरडून सांगितलं, साहेब ओसरीवरून अनवाणी खाली उतरले. ती ऐकेना.

"यानं माह्या दिराच्या वकिलाले पुस्तक देलं. आता तुमाले देऊन राह्यला. मंग माहा वकील कोण व्हता?"

 तिनं वाहेदकडून कागद परत घेतले आणि लेकीला घेऊन एसटी स्टँडची वाट धरली. नंतर कुठल्याच वकिलाची पायरी ती चढली नाही. अपिलाची मुदत निघून गेली. अंक वाहेदनी परत आणून दिला, साहेबांनी खूण म्हणून घातलेला कागद तसाच आत होता.

भाऊरावांचा माणूस अजूनही पुस्तक मागायला येतो. साहेब देतात. फक्त आता म्हणतात, "पिशवीत घालून ने बाबा." मला त्याची फार चीड येते. आपलीच वस्तू आणि चोरीचा माल असल्यासारखी.

रुखमाबाई दोन वर्षांनी वारली. कामानिमित्त माझं वरवटला जाणं होतं. परतलो की साहेब हातातलं पुस्तक मिटतात आणि विचारतात, "गीताबाई दिसली का?"

"दिसली. वावरातच होती."

"त्याच?"

"हो, त्याच."

तेवढ्यावर त्यांना बरं वाटतं. रंगरावाकडे मजुरीनं निंदायला होती, हे मी सांगत नाही.