पडवीतले वाटे

कारखान्याच्या यार्डात ऊसगाड्यांना नंबर द्यायचं काम दादासोंनी नोकरीभर केलं. आधी येईल त्याचा नंबर आधी. सख्ख्या भावाचा ट्रॅक्टरही त्यांनी मध्ये घुसू दिला नाही. निवृत्तीनंतर भवानीनगरला घराच्या पडवीत त्यांनी मुलांसाठी पुस्तकं ठेवली, तेव्हा नियम तोच लावला. रविवारी सकाळी येईल त्या क्रमाने पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्याप्रमाणे पुस्तक, आठवड्याने परत.

सगळ्यांना हवं असायचं ते एकच पुस्तक. बुडत, नाकातोंडात पाणी जात, तरी पोहायला शिकणाऱ्या मुलीची गोष्ट. कालव्यापलीकडच्या वस्तीवरच्या तेजश्रीला ते एकदा मिळालं.

"आबा, निम्मंच झालंय," परत करताना ती म्हणाली.

"मग परत नंबर लाव."

पण डेअरीला दूध घालून ती पोचेपर्यंत शेजारच्या कॉलनीतली पोरं बिल्ले घेऊन बसलेली असत. काही रविवार उरलंसुरलं नेऊन तिने येणं सोडलं. तिच्यामागे वस्तीवरची बाकीची पोरंही यायची थांबली. दादासोंना ते लागलं. आपल्या दारात कुणावर अन्याय झाला, असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते वस्तीवर गेले.

"या आबा," तेजश्रीची आजी सारजा म्हणाली. "बिल्ला आणलाय का? न्हायतर उभं ऱ्हावा तितंच."

"पोरगी का येत न्हाय?"

"यिऊन काय करायचं? म्हशीला सांगू का, रविवारी लवकर पान्हा सोड म्हणून?"

"नियम सगळ्यांना सारखाच हाय."

"व्हय. दारातल्याला सारखा. बोकड कापल्यावर काय करता तुमी? पयला आला त्यानं मांडी न्यायची?"

दादासो हसले नाहीत. बोकडाचे वाटे कसे होतात, हे त्यांना सांगायला नको होतं. सगळे जमल्याशिवाय वाट्याला हात लागत नाही. एकाला पाठमोरं बसवायचं, दुसऱ्याने वाट्यावर हात ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा नाव घेईल त्याचा तो वाटा.

पुढच्या रविवारी बिल्ले निघालेच नाहीत. पोत्यावर पुस्तकं मांडून दादासो कालव्याच्या वाटेकडे बघत बसले. कॉलनीतली पोरं कुरकुरली. दूध घालून तेजश्री आली, मागून वस्तीवरची बाकीची पोरं. मगच कॉलनीतली पायल भिंतीकडे तोंड करून बसली.

पोहणाऱ्या मुलीचं पुस्तक दादासोंनी उचलून तेजश्रीला दिलं.

"वाटा न करताच?" कॉलनीतल्या सुयशने विचारलं.

"निम्मं वाचल्यालं वाट्यात धरायचं न्हाय. तुझं ऱ्हायलं तर तुलाबी हाच नियम."

सुयशला ते पटलं. वाटे सुरू झाले, नावं पुकारली गेली, पोरं आपापलं पुस्तक घेऊन पांगली. तेजश्री पायरीवर बसून वाचत राहिली. संपल्यावर तिने ते पुस्तक स्वतःच पोत्यावर आणून ठेवलं.

"आता पुढच्या रविवारी धरा वाट्यात," ती म्हणाली.

दादासोंनी मान डोलावली आणि आत दोघांसाठी चहा टाकायला सांगितलं.