बटर पेपर मागायला येणारी

समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीला मी सिलिकॉनची बेकिंग मॅट आणून दिली आणि त्या दिवसापासून ती माझ्याकडे यायची थांबली. दोष कुणाला देऊ? मॅट मीच आणली, माप मीच घेतलं आणि देताना जे बोलायला नको होतं तेही मीच बोलले.

मी डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, हे गेले त्याला पाच. मुलगा बंगळूरला. तो रोज फोन करतो, अगदी नेमाने, आणि रोज विचारतो, "जेवलीस का?" मी जेवले म्हणते. मग त्याला मीटिंग असते. तक्रार नाही माझी, पण जेवणापलीकडे माणसाला विचारण्यासारखं काही असतं की नाही?

समोरचा फ्लॅट भाड्याने जातो. माणसं येतात, दार लावून घेतात, निघून जातात. गेल्या वर्षी ही मुलगी आली. चिपळूणकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, एकटीच. कंपनीचं काम बहुतेक घरूनच करायची, आठवड्यातले दोन दिवस ठाण्याला ऑफिसात. राहायला आली त्याच्या पुढच्याच रविवारी सकाळी बेल वाजली. दारात ही. हाताला मैदा, कपाळाला मैदा.

"सॉरी हं काकू, तुमच्याकडे बटर पेपर असेल का? मी आणायला विसरलेले आणि पीठ मळून बसलेय."

"माझ्याकडे असेल हे तुला कुणी सांगितलं?"

"काल तुमच्याकडून वेलचीचा वास येत होता. नानकटाईच असणार म्हटलं."

नाक चांगलं होतं पोरीचं. माझा ओव्हन वीस वर्षांचा आहे आणि बटर पेपरचा रोल माझ्या घरात कधी संपलेला नसतो. ट्रे केवढा आहे विचारलं तर तिने हवेत दोन्ही हात धरून "एवढा" म्हणून दाखवला. असा राग आला मला! "हाताने दाखवून माप होत नाही, जा, ट्रे घेऊन ये," म्हटलं. आणला. मी कात्रीने बरोबर चौकोन कापून दिला आणि वर बजावलं, की एकदा वापरून फेकायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा, तीन घाणे सहज निघतात. ती "हो काकू, हो काकू" करत पळाली.

अर्ध्या तासाने पुन्हा बेल. ताटलीत सहा बिस्किटं, गरम. कागद काय केलास विचारलं, तर जीभ चावली तिने. फेकला होता.

आता आमच्याकडे पद्धत अशी, की आलेली ताटली रिकामी परत द्यायची नाही. मी तिच्यात चिवडा घालून दिला. दोन दिवसांनी ती येऊन माझी एक वाटी घेऊन गेली, कारण चिवड्याबरोबर तिला लिंबाचं लोणचं हवं होतं. मग ती वाटी परत आली तीही भरूनच, कारण तिची आईसुद्धा त्याच वळणाची. असं ते सुरू झालं. दर रविवारी दोनदा बेल, एकदा कागदासाठी आणि एकदा बिस्किटं घेऊन. दुसऱ्या बेलनंतर ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चहा प्यायची आणि तासभर बोलत राहायची. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायची. आई लग्नासाठी कशी मागे लागलीय ते सांगायची. "किती बडबडतेस गं, कान किटले माझे," मी म्हणायची, आणि ती हसून आणखी जोरात बोलायची.

सात महिने असे गेले. सात महिन्यांत एक रविवार असा नाही की हिने बटर पेपर आणला. रोल काय मोठी वस्तू आहे? रामनगरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. पण नाही. शाळेत आयुष्यभर मी मुलांना पट्टी आणि पेन्सिल का विसरता म्हणून ओरडले, ती सवय सुटते थोडीच! तिला वळण लावायचं मी मनात घेतलं.

डोळे तपासायला ठाण्याला गेले होते, तेव्हा केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मला त्या मॅट दिसल्या. विटकरी रंगाच्या, रबरासारख्या लवचिक. दुकानदार म्हणाला, कागदाची कटकट नाही, हजार वेळा वापरा, धुवा, गुंडाळून ठेवा. फक्त कापू नका, आत काचेच्या धाग्याची जाळी असते, कापली की ती बाहेर येते. म्हणजे माप अचूक हवं. मी घरी परत आले, माझ्या ट्रेच्या आणि तिच्या ट्रेच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापला आणि पुढच्या आठवड्यात ते दोन कागद पिशवीत घालून पुन्हा ठाण्याला जाऊन दोन मॅट घेऊन आले. तिचा ट्रे मला पुन्हा मागावा लागला नाही. तीसेक वेळा कागद कापला होता मी त्याचा, हाताला पाठ झाला होता.

त्या रविवारी पहिली बेल वाजली आणि मी मॅट तिच्या हातात ठेवली. ती इतकी खूश झाली! उलटीपालटी करून बघितली, गालाला लावली. "काकू, माझ्यासाठी?" आणि मी, दीडशहाणी, म्हणाले, "घे बाई. आता सुटलीस तू आणि सुटले मी. दर रविवारी बेल वाजवायला नको."

असं मी बोलतेच. ह्यांनाही असंच बोलायची, ते हसायचे.

त्या दिवशी ती बिस्किटं घेऊन आली नाही. असेल काही काम, म्हटलं. पुढच्या रविवारीही बेल नाही. गावाला गेली असेल. तिसऱ्या रविवारी मी खिडक्या लावून बसले होते, कारण एमआयडीसीतल्या कारखान्यांचा तो आंबूस वास पसरला होता, आणि दाराच्या फटीतून लोण्यात भाजलेल्या मैद्याचा वास आत आला. म्हणजे ती घरात होती. भाजत होती. माझ्या मॅटवर भाजत होती आणि माझ्याकडे येत नव्हती.

मी चिडले. काम झालं, ओळख संपली, असं म्हणून भांडी आपटली. आपटलेली भांडी ऐकायला घरात कोण होतं? मग मीही माझ्या मॅटवर नानकटाई केली. मॅट चांगलीच आहे, खोटं कशाला बोलू. काही चिकटत नाही, फक्त तळ कागदावर होतो तसा खरपूस होत नाही, आणि कितीही गरम पाण्याने धुतली तरी हाताला जरा तुपकट लागते. सोळा नग झाले. मी दोन खाल्ले, बाकीचे डब्यात मऊ पडले आणि शेवटी वॉचमनला दिले.

जिन्यात भेटायची अधूनमधून. "कशा आहात काकू?" "बरी आहे." एवढंच. पूर्वी हीच मुलगी तासभर बोलायची. मी लाजच सोडली होती, खरं सांगते. रविवारी अंघोळ पहाटेच उरकायची, बेल वाजली आणि मी न्हाणीघरात असले तर? टीव्ही बारीक ठेवायची. कचऱ्याची पिशवी घेऊन उगीच बाहेर यायची आणि तिच्या दाराकडे बघून आत जायची. चौसष्टाव्या वर्षी हे असलं. रडूही यायचं. मुलाला फोनवर सांगावंसं वाटायचं, पण काय सांगणार? समोरची मुलगी बटर पेपर मागायला येत नाही?

असे चार महिने गेले. मग एका रविवारी अकराच्या सुमाराला बाहेर चिकटपट्टी ओढल्याचा कर्रकर्र आवाज आला. दार उघडलं तर समोरचंही दार सताड उघडं, आत खोकी आणि मधोमध ती.

"येणारच होते काकू सांगायला. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं. मालकांना फ्लॅट त्यांच्या मुलासाठी हवाय. मला कळव्याला मिळालाय."

मी म्हटलं, "सांगायला येणार होतीस? चार महिन्यांत एकदा तरी आलीस का?"

तिने खोक्यावर चिकटपट्टी दाबून बसवली. मग खाली बघत म्हणाली, "तुम्हाला त्रास होतो असं वाटलं मला. तुम्हीच म्हणालात ना, सुटले मी, बेल नको. वाईट वाटलेलं तेव्हा. पण म्हटलं बरोबर आहे, एक रविवार मिळतो काकूंना, मी उगाच डोकं खाते."

"अगं, ते माझं बोलणं आहे! तोंडच तसं माझं. एवढं कळलं नाही तुला?"

"नाही कळलं, काकू."

मी तिथल्याच एका खोक्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पहाटेची अंघोळ, बारीक टीव्ही, कचऱ्याची पिशवी. तिचे डोळे भरले. हातातली चिकटपट्टी तशीच धरून ती म्हणाली, रागाने नाही, खरंच विचारावं तसं, "मग काकू, तुम्ही का नाही वाजवलीत माझी बेल?"

मला काही मागायचं नव्हतं, असं म्हणणार होते. ते ओठांपर्यंत आलं आणि माझं मलाच ऐकवेना. आयुष्यात कुणाकडे चमचाभर साखर मागितली नाही, ह्याचा मला केवढा तोरा होता.

खालून टेम्पोवाला हाका मारत होता. तिने वाकून नमस्कार केला, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "कळव्याला नक्की या हं," ती जिन्यातून म्हणाली. "येते की," मी म्हटलं.

टेम्पो गेल्यावर दार लावलं आणि मग लक्षात आलं, पत्ता मी मागितलाच नव्हता.