धुरांडेवाले हवालदार क्लेमेन्स बुगाय

लढाईच्या आधी क्लेमेन्स बुगाय आमच्या मोकोतूफ भागाचे हवालदार होते. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पकडलेला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे पाद्रीबाबांची बदकं पळवणारा एक सुतार. तोही पळता पळता गटारात पडला म्हणून सापडला. ही गोष्ट बुगायकाका स्वतःच पोट धरून हसत सांगायचे.

मग वॉर्सात जर्मन आले. जुन्या पोलिसांनी मुकाट्याने गणवेश चढवून कामावर हजर व्हावं, असं फर्मान निघालं. बरेच गेले. लेकुराबाळांचे धनी होते, त्यांना मी कोण नावं ठेवणार? पण काका गेले नाहीत. ओळखीच्या डॉक्टरकडून त्यांनी क्षयाचा दाखला लिहून घेतला आणि तपासणीत जर्मन डॉक्टरासमोर असे काही खोकले, की त्याने दोन हात लांबूनच शिक्का मारला. एवढा गुबगुबीत क्षयरोगी त्याने आधी पाहिला नसावा! मग पन्नाशीला टेकलेला हा माणूस मेव्हण्याच्या धंद्यात शिरला. खांद्यावर शिडी, हातात दोर आणि ब्रश. काका धुरांडी साफ करू लागले.

त्रेचाळीसच्या वसंतात त्यांच्या स्वयंपाकघरात दोन माणसं येऊन बसली. म्हणाली, "आपलं सरकार लपून चालतंय, न्यायालय लपून चालतंय. आता पोलीसही हवेत. खबरे माजलेत, आपल्या फौजेचं नाव सांगून घरं लुटणाऱ्या टोळ्या माजल्यात. गणवेश मिळणार नाही. कोठडीसुद्धा नाही."

"मग पकडलेला माणूस ठेवायचा कुठे?" काकांनी विचारलं. "माळ्यावर बायकोचे बटाटे आहेत. तिथे ती कुणाला शिरू देत नाही, आधीच सांगतो."

त्यांनी शपथ घेतली. त्यांच्या हाताखाली आम्ही चौघं होतो. मी लोजा, वय तेवीस, टपाल कचेरीत सॉर्टिंगला. माझं काम एकच. गेस्टापोच्या पत्त्यावरची पत्रं मोज्यात सरकवायची आणि संध्याकाळी काकांकडे पोचवायची. वाफेवर पाकीट उघडून आम्ही वाचायचो. माणसं काय काय लिहायची, देवा! कुणी सासऱ्याबद्दल, कुणी शेजारच्या दुकानदाराबद्दल. ज्यांच्यावर बालंट यायचं त्यांना सावध करायचं आणि लिहिणाऱ्याला शोधायचं, हा आमचा उद्योग.

ऑक्टोबरात एका सोमवारी एक पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं. 'तिसऱ्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिका एउफेमियाबाई मागची खोली रिकामी असल्याचं सांगतात. पण रोज सकाळी त्या खोलीचं धुरांडं धूर सोडतं. रिकामी खोली कुणासाठी तापते? एक प्रामाणिक नागरिक.'

त्या खोलीत इझिदोर फ्रेंकेल राहत होते. ज्यू, साठीचे, धंद्याने घड्याळजी. चौदा महिन्यांत त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. हे काकांना आणि मला ठाऊक होतं. काका पत्र वाचून खुर्चीवरून उठलेच.

"पोरी, हे धुरांडं मी मार्चमध्ये साफ केलंय. छपराच्या मागच्या उतारावर आहे. रस्त्यावरून दिसत नाही, इमारतीच्या आतल्या चौकातून दिसत नाही. वर चढल्यावर मलासुद्धा शोधावं लागलं होतं!"

"मग याला कुठून दिसलं?"

"तेच तर! धुरांडं ज्याला दिसतं, तो धुरांड्यालाही दिसणार."

मंगळवारी सकाळी ते त्या छपरावर चढले, धुरांड्याला पाठ टेकली आणि चारी दिशांना नजर फिरवली. सगळीकडे कौलं आणि भिंती. खिडकी दिसत होती एकच, मागच्या इमारतीच्या पोटमाळ्याची. तिथे वावझिन्येत्स कोसेला राहायचा. सरकारी नकाशे काढून निवृत्त झालेला, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा.

"झालं तर!" मी म्हटलं. "नाव वर कळवू या."

काका एकदम भडकले. "खिडकी दिसली. लिहिणारा हात दिसला का? उद्या त्याच्याकडे भाडेकरू निघाला तर? संशयावर माणूस संपवायचा असेल तर आपली गरज काय, ते काम जर्मन करतातच की! मला अक्षर पाहिजे."

बाईंना आम्ही सावध केलं. शेगडी बंद झाली. घड्याळजींसाठी दुसरं घर गुरुवारी मोकळं होणार होतं. दोन दिवस निभवायचे होते.

बुधवारी अकराच्या सुमारास काका कोसेलाकडे धुरांडं साफ करायला गेले. मी बिटांची टोपली घेऊन खाली फाटकाशी उभी. वर काय झालं ते काकांनी नंतर मला शब्दन् शब्द सांगितलं. कोसेलाने त्यांना चहा दिला. काम संपल्यावर काकांनी आपली वही पुढे केली. "दोन ओळी लिहा साहेब, काम नीट झालं म्हणून. मुकादम फार कुरकुर करतो हो." कोसेलाने ऐटीत लिहिलं. तेच मोती. काही अक्षरांच्या शेपट्या खालच्या ओळीत लोंबत होत्या, अगदी पत्रातल्यासारख्या.

काका वही मिटत होते तेवढ्यात कोसेला म्हणाला, "टपालाचा आजकाल भरवसा राहिला नाही. काही कामं स्वतः जाऊन करावी लागतात. बारापर्यंत थांबा की, माझ्या खिडकीतून गंमत दिसेल."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकराला पाच कमी होते.

काकांनी दोर सावकाश गुंडाळला. चहाबद्दल आभार मानले. दोन मजले धीराने उतरले आणि शेवटचा मजला चार-चार पायऱ्या गाळत. माझ्यासमोर आले आणि दंडाला धरून म्हणाले, "बारा वाजता येतायत. पळ!"

आम्ही धावतच बाईंच्या घरात शिरलो. बाई पियानोवर कुणा मुलीला सूर शिकवत होत्या. त्यांनी आमची तोंडं पाहिली, मुलीला मागच्या जिन्याने घरी पाठवलं, आणि पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या.

काकांच्या झोळीत ब्रश गुंडाळायला एक जुना काळा डगला असायचा. तो त्यांनी घड्याळजींच्या अंगात घातला.

"मला शिडीची फार भीती वाटते हो," घड्याळजी पुटपुटले.

"चढायची नाहीये. नुसती खांद्यावर घ्यायची."

"पण माझा चेहरा..."

"चेहरा माझ्याकडे सोपवा." काकांनी शेगडीत हात घातला आणि दोन मुठी काजळी त्यांच्या गालांवर, कपाळावर, कानांमागे चोपडली. "चष्मा खिशात. मान वर. आणि मला शिव्या देत चला, कामगार तसेच चालतात."

"मला शिव्या येत नाहीत."

"मग मी देतो, तुम्ही ऐका!"

शिडी सांभाळत दोघं एकेक पायरी जिना उतरू लागले. इकडे बाईंनी आणि मी पलंग मोडून फळ्या भिंतीला लावल्या, कपडे कोठीत कोंबले. उरली उशी, उरला हवेतला माणसाचा वास. काका काजळीची बादली मागे ठेवून गेले होते. मी ती उचलली, पण बाईंनी माझ्या हातून हिसकावली.

"दे इकडे. ही खोली चौदा महिने आरशासारखी ठेवली, आता माझ्याच हाताने बिघडवते!" आणि त्यांनी बादली खोलीभर उधळली.

खाली ट्रक थांबला. बाराला दहा कमी! मी स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटले. चौकात जर्मन घुसले, आणि त्याच क्षणी जिन्यातून दोन काळे पुतळे बाहेर पडले. काका तोंडाने शिव्यांची लाखोली वाहत होते, शिडी घड्याळजींच्या खांद्यावर डुगडुगत होती. फाटकावरच्या कोवळ्या शिपायाने हात आडवा केला.

धुरांडेवाला दिसला की आपलं बटण चिमटीत धरायचं, त्याची काजळी नाकाला लावून घ्यायची, नशीब उघडतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. जर्मनांतही तसंच असावं. कारण तो शिपाई हसला, त्याने आपलं बटण धरलं आणि चक्क नाक पुढे केलं. काकांनी त्याच्या नाकाला काजळीचं बोट लावलं. तो घड्याळजींकडे वळला. दोन धुरांडेवाले म्हणजे दुप्पट नशीब! आता? चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा तो हात वर गेला, अजिबात न थरथरता, आणि शिपायाच्या नाकाच्या शेंड्यावर नेमका टेकला. शिपाई खूष. फाटक उघडलं. मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना.

इकडे अधिकाऱ्याने मागच्या खोलीचं दार लाथेने उघडलं, तशी काजळीची लाट त्याच्या अंगावर आली. तो शिंकत सुटला.

"बघा साहेब, बघा!" बाईंनी खणखणीत जर्मनमध्ये सुरू केलं. "मेल्यांनी काय करून ठेवलंय! धुरांडं साफ करायला आले आणि माझी खोली स्मशान करून गेले. कुठे तक्रार करायची सांगा मला."

"इथे कोण राहतं?"

"इथे? उंदीर तरी राहील का आता?"

त्यांनी भिंती ठोकल्या, फळ्या हलवल्या. पण काजळीत कुणालाच फार वेळ थांबायचं नव्हतं. दहा मिनिटांत ट्रक गेला.

मी काकांच्या अवजारांच्या खोलीवर पोचले तेव्हा काका पिंपावर बसून हसत होते. घड्याळजी दाराच्या फटीला डोळा लावून उभे. "बाहेर ट्राम अजून तश्शीच वाजते!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

काकांनी कोसेलावर सात पानांचा अहवाल लिहिला. पत्र आणि वहीतलं पान शेजारी शेजारी जोडलं. एक पान त्याच्या बाजूचंही लिहिलं, की माणूस एकटा आहे, पूर्वी कुठला गुन्हा नाही. लपलेल्या न्यायालयाने ते सगळं वाचलं आणि मृत्युदंड दिला. नोव्हेंबरात दुसऱ्याच माणसांनी तो अमलात आणला. बातमी आली त्या दिवशी काका जेवले नाहीत.

"काका, त्याने एका माणसाला मरणाच्या दारात ढकललं होतं."

"ठाऊक आहे, पोरी. त्याने मला चहाही दिला होता. दोन्ही ठाऊक आहे."

पुढल्या वर्षी जर्मनांविरुद्ध उठाव झाला, शहर पेटलं आणि आम्ही पांगलो. घड्याळजी एका खेड्यात लपून वाचले आणि लढाईनंतर बहिणीकडे अर्जेंटिनाला गेले. बाई, काका आणि मी वूच शहरात येऊन पडलो. तिथेही काका धुरांडीच साफ करत.

अठ्ठेचाळीस साली नव्या कम्युनिस्ट राजवटीने त्यांना उचललं. लपलेल्या पोलिसांत होतात म्हणून चौकशी.

"किती लोकांना अटक केलीत?" साहेबाने विचारलं.

"एकालाही नाही."

"एकालाही नाही? मग कसले पोलीस तुम्ही?"

"कोठडी नव्हती साहेब. आणि माळ्यावर बायकोचे बटाटे होते."

या उत्तरासाठी त्यांनी मार खाल्ला. चार महिने आत राहिले, मग सोडलं. घरी आले ते शनिवारी. बिटाचं सार तीन वाट्या प्यायले, आम्हाला साहेबाची नक्कल करून दाखवली आणि सोमवारी कामावर गेले.