गप्प बसायचा तास

व्हर्ना लिंडक्विस्टनं सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तेवढ्या वर्षांत तिला कुणी गप्प बसवलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी बसची किल्ली परत करून तिनं मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या आमच्या विद्यापीठात लेखनाच्या पदवीला नाव घातलं. शेजारची म्हणाली, "गोष्टी लिहायला कॉलेज कशाला लागतं गं?"

"बस चालवायलाही लायसन लागतंच की," व्हर्ना म्हणाली, आणि वही घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसली.

तीन वर्षं तिची झक्क गेली. बसमधल्या पोरांची बडबड ऐकून ऐकून कान तयार झालेला. तिच्या कथेतली माणसं बोलायला लागली की वर्ग हसून हसून बेजार. आता शेवटचं वर्ष आलं होतं. त्या वर्षी निवडक विद्यार्थ्यांकडून अख्खं पुस्तक लिहून घेतात. जागा आठ आणि इच्छुक एकवीस. निवड कोरिन हाउप्ट या प्राध्यापकबाई करणार, तीही एकाच कथेवरून. आठांतली एक जागा आपली, याबद्दल व्हर्नाला तिळमात्र शंका नव्हती.

कथा तिनं धाकट्या बहिणीवर लिहिली. आर्लिस तीन तासांवर फार्गोला राहते. अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत आई गेली, तेव्हा आर्लिसनं फोन करून विचारलं, "निघू का?" व्हर्ना म्हणाली, "रस्त्यावर बर्फ आहे, नको येऊस." आणि आर्लिस खरंच आली नाही. सख्ख्या आईच्या अंत्यविधीला आली नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. तो सगळा राग व्हर्नानं कथेत ओतला, आणि खरं सांगायचं तर फार सुरेख ओतला.

निवडीआधी कथा सगळ्या वर्गाला वाचायला देतात आणि तिच्यावर चर्चा होते. नियम असा, की ज्याची कथा त्यानं हाताची घडी, तोंडावर बोट. चाळीस मिनिटं बाकीचे बोलणार आणि लेखकानं हूं की चूं करायचं नाही.

"भाषा फक्कड आहे," टेक्सासची मारिसेला म्हणाली. "पण ही स्वतःच सांगते येऊ नकोस, आणि ती आली नाही म्हणून हीच चिडते. कमालच आहे बाईची."

व्हर्नानं पेन्सिल गच्च धरली. टेक्सासवाल्यांना काय कळणार? आमच्याकडे पाहुण्याला कॉफी विचारली की तो नको म्हणतो, पुन्हा विचारली की पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारली की "बरं, अर्धा कप" म्हणतो. ताकाला जाऊन भांडं लपवणं हीच आमची सभ्यता. आर्लिस इथंच वाढलेली, तिला हे ठाऊक नव्हतं होय?

मग सिग्ने बोलली. ती इथल्याच एका गोठेवाल्याची मुलगी. "दोनदा नको म्हणणं बरोबरच आहे. पण बहिणीनं किती वेळा विचारलं? कथेत एकच वाक्य आहे तिचं. तिला जरा बोलू तर द्या."

चाळीस मिनिटं संपल्यावर कोरिनबाईंनी व्हर्नाला बोलायची परवानगी दिली.

"तिच्याकडे बोलण्यासारखं असतं, तर मी लिहिलं नसतं का?" व्हर्ना म्हणाली.

"शुक्रवारपर्यंत पुन्हा लिही," कोरिनबाई म्हणाल्या. "बहिणीला बोलतं कर. जागेचं त्यानंतर बघू."

व्हर्ना दोन दिवस घासत बसली. परक्यांच्या चाळीस पोरांना बोलतं करणारी ती, पण पाठच्या बहिणीचं एक वाक्य तिला जमेना. बुधवारी दुपारी तिनं मुकाट्यानं फार्गोचा नंबर लावला.

"आर्लिस, मी व्हर्ना. कॉलेजचा गृहपाठ आहे. आईच्या वेळचं चाळीस मिनिटं तू सांगायचंस. मी तोंड उघडणार नाही."

"तू? चाळीस मिनिटं?"

नियम म्हणजे नियम. व्हर्ना गप्प राहिली.

"मी बूट घालून, गाडी सुरू करून फोन केला होता," आर्लिस म्हणाली. "निघू का विचारलं, तू नको म्हणालीस. मग म्हटलं, सावकाश येते, निघू का? पुन्हा नको म्हणालीस. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, तर तू फोन ठेवून दिलेला. पुन्हा लावला तर उचलला नाहीस. गाडी दुपारपर्यंत चालूच होती गं."

त्या दिवशी दफनवाल्यांचे, पाद्रीबाबांचे फोन सारखे येत होते आणि शेवटी आपण वायरच काढून ठेवली होती, हे व्हर्नाला आठवलं. अकरा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. डोळे घळाघळा वाहू लागले, आणि बोलायची तर सोय नव्हती. तिनं नाक पुसलं आणि उरलेली पस्तीस मिनिटं सगळं उतरवून घेतलं.

शुक्रवारी आर्लिसची चार पानं वाचून कोरिनबाईंनी यादीत व्हर्नाचं नाव लिहिलं. व्हर्नानं जिन्यातूनच फोन लावला.

"जागा मिळाली. रविवारी जेवायला ये."

"अगं, फेब्रुवारीतला रस्ता," आर्लिस म्हणाली. "राहू दे."

"मी मीठ टाकून अंगणातला बर्फ वितळवते. ये."

"नको, उगाच तुला त्रास."

जिन्यात पोरांची वर्दळ होती, कुणीतरी तिला हाक मारत होतं. व्हर्नानं दुसरा कान बोटानं बंद केला आणि तिसऱ्यांदा विचारलं.