खुंटीवरचं दावं

गेल्या थंडीत एका पहाटे राजुरीतल्या आमच्या गोठ्यात बिबट्याने ढवळी मारली. ती गाय आमची होती. त्याआधी बारा वर्षं ती बांधापलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांची, बाबांची होती.

पुण्याचं घर सोडून आम्ही दोघं इथे आलो तेव्हा आम्हाला जनावरांतलं काही कळत नव्हतं. बाबांना ते पहिल्याच दिवशी दिसलं. रोज सकाळी ते बांधावर येऊन विचारायचे, "पावणं, पाणी दावलं का तिला?" मी बादली नेताना त्यांनी पाहिलेलं असायचं, तरी विचारायचे. मी दावलं म्हणालो की पुढचा प्रश्न यायचा, "प्याली का?" दुसऱ्याचं उत्तर मला बहुधा ठाऊक नसायचं. मग ते स्वतः येऊन बादलीत डोकावायचे.

इथे राहून आम्हाला तीन वर्षं झाली, रेशनकार्डही इथलं झालं, तरी मी पावणाच राहिलो. बायकोला मात्र ते पहिल्या आठवड्यापासून ताई म्हणत.

ढवळीची आई ती वासरू असतानाच मेली होती. बाबांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. पुढे त्यांचे गुडघे गेले, धारेला बसणं होईना. मुलगा चाकणला कंपनीत. व्यापारी दोनदा येऊन गेला, पण बाबांनी गाय आम्हाला दिली. कारण साधं होतं: आमचा गोठा त्यांच्या ओट्यावरून दिसायचा.

दावं मात्र त्यांनी दिलं नाही. तुम्ही या भागातले असाल तर तुम्हाला माहीत असेल, जनावर विकतात, दावं ठेवून घेतात. ढवळीच्या गळ्यातलं अंबाडीचं दावं, त्यांनी स्वतः वळलेलं, वापरून मऊ पडलेलं, त्यांनी सोडवलं आणि आपल्या रिकाम्या गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं.

"गाय दिली, दावं नाय देत. दावं गेलं की गोठा मोडला."

कोणता गोठा, असं बायको हसत म्हणाली. ते हसले नाहीत. आम्ही बाजारातून नायलॉनचं दावं आणलं. ते बोटांनी चाचपून बाबा म्हणाले, "लई पक्कं हाय." आम्हाला ते कौतुक वाटलं.

बिबट्या उसातून आला, जाळीखालून शिरला. पंचनाम्याला वनखात्याची माणसं आली, तोवर बाबा खुंट्याजवळ येऊन बसले होते. खुंट्याभोवतीची माती खुरांनी उकरलेली होती. दावं शाबूत होतं. त्यांनी ते हातात घेऊन ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं.

"माजं असतं तर तुटलं असतं," ते म्हणाले. "सुटली असती ती."

सुटूनही वाचली असती असं नाही, हे वनरक्षकाने त्यांना सांगितलं. बायकोनेही सांगितलं. बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं.

"जुनं व्हतं ना ते. मी दिलं न्हाई, ताई."

दुसऱ्या दिवसापासून ते बांधावर आले नाहीत. आम्ही जायचो. ते चहा करायचे, ऊसतोडीचं बोलायचे. आमच्या गोठ्याकडे पाठ करून बसायचे.

होळीनंतर मुलगा त्यांना न्यायला आला. गाडी आमच्या दारात थांबवून बाबा उतरले, काठी टेकत आमच्या गोठ्यात गेले. वेळ लागला. मुलाने हॉर्न वाजवला. बाहेर आल्यावर त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "येतो, पावणं."

पावसाळ्याच्या तोंडाशी चाकणहून मुलाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

ढवळीनंतर आम्ही जनावर आणलं नव्हतं. बाबा आत जाऊन आले त्यानंतर गोठ्याचं दारही उघडलं नव्हतं. फोन आला त्या दिवशी ते उघडलं. खुंट्याला अंबाडीचं दावं बांधलेलं होतं. दुसऱ्या टोकाला गाईच्या मानेएवढा फास मोकळा ठेवला होता.