तो वाघ मी कापला होता

मी शिक्षिका आहे. खरं बोलावं, असं रोज सकाळी मुलांना सांगते आणि त्याचा पगार घेते. स्वतःचं एक खरं सांगायला मला चाळीस वर्षं लागली.

मी चौथीत असताना आमच्या शाळेत पत्र्याची पेटी भरून चित्रांची पुस्तकं आली. एका पुस्तकात आख्खं पान भरून वाघ होता. काढणाऱ्यानं जन्मात वाघ पाहिलेला नसावा. पापण्या नवरीच्या, जीभ गुलाबी, आणि छापताना पिवळा रंग रेषेबाहेर सरकलेला, त्यामुळे वाघ स्वतःच्याच कातडीतून जरा बाहेर सांडल्यासारखा. आमच्याकडे वाघ पाहिलेली माणसं घरोघरी. हसणारा वाघ मात्र कोणी पाहिला नव्हता. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, तलावात मासे धरणाऱ्यांची लेक, घराच्या भिंतीवर कोळशानं तोच वाघ काढायची. पापण्यांसकट.

त्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचणाऱ्या बायकांना जंगलात खरा वाघ दिसू लागला. माझी आई पहाटेच जायची. गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड आहे. त्यामागच्या लाकडी पाटीवर रंगवलेला वाघ वाळवीनं चाटून खाल्ला होता. मला वाटलं, देवाला तोंडच नाही तर तो आईला ओळखणार कसा? आणि तोंड द्यायचंच तर हसरं द्यावं. हसणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. बाबांच्या दाढीच्या ब्लेडनं मी पान कापलं आणि डिंकानं पाटीवर चिकटवलं.

दोन दिवसांत त्याला शेंदूर लागला, नारळ फुटले. गुरुजी कापलेलं पान शोधत शोधत तिथं पोचले तेव्हा शेंदराबाहेर फक्त डोळे अन् पापण्या शिल्लक होत्या. आख्ख्या वर्गाला झोडपणारा तो माणूस, पण देवाच्या अंगावरून पान सोलून काढायची त्याची छाती झाली नाही. चपला काढून हात जोडले म्हणे.

शाळेत परतल्यावर मात्र चोर हवा होता. ज्याच्या भिंतीवर वाघ, तो चोर.

"काऊन फाडला वं?"

"मी नाई फाडला, गुर्जी."

छडी मोडेस्तोवर एवढंच चाललं. मी शेजारी बसून पाटी पुसत होते. पाटी कोरीच होती.

पेटीला कुलूप लागलं. मैत्रीण पाचवीला आलीच नाही. गावानं तिला नाव ठेवलं, वाघचोट्टी. त्या साली वाघानं कोणालाच खाल्लं नाही, त्यामुळे वाघोबाचा भाव वाढला, आणि माझा गुन्हा पुण्यात जमा झाल्यासारखा मी गिळून टाकला.

आता मी त्याच शाळेत शिकवते आणि ती तिथंच खिचडी शिजवते. "वाघचोट्टी आजी, अजून वाढ ना," पोरं म्हणतात, अर्थ ठाऊक नसताना. नवी चित्रांची पुस्तकं येतात. फाटली तर तपासणीला काय दाखवू म्हणून मीही ती कपाटात कोंडते. अशी मी.

मागच्या महिन्यात तिच्या नातीनं भर वर्गात विचारलं, "बाई, माह्या आजीनं काय चोरलं होतं?"

मधल्या सुट्टीत मी स्वयंपाकखोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. रडलेसुद्धा. ती भांडं ढवळत राहिली.

"मले काऊन सांगून राह्यली? मी नाई फाडला हे मले त तवापासूनच मालूम हाये. गावाले सांग."

शनिवारी पालकसभा होती. आधी हजेरीवर बोलले, मग शौचालयावर, मग नखं कापण्यावर. शेवटी विषयच उरला नाही, तेव्हा म्हटलं, "पुस्तकातला तो वाघ मी कापला होता. हिनं नाही."

मग एक म्हातारे भाऊ म्हणाले, "म्हंजे आपुन तवा चौथीच्या पुस्तकाले नारळ फोडले?"

"पावला ना पण?" दुसरे म्हणाले. "मंग चूप राह्य."

हशा पिकला. "जाऊ द्या बाई, लेकरूच होते तुम्ही," कोणीतरी उदारपणे म्हणालं. माना डोलल्या. माझा जीव भांड्यात पडला आणि मी खाली बसू लागले.

"थांब," स्वयंपाकखोलीच्या दारातून ती म्हणाली. हातात डाव तसाच. "मागच्या बायांले ऐकू नाई आलं. उभी राह्य अन् जोरानं सांग."

मी उभी राहिले.