फ्रेंच व्याकरणाची दोनशेपानी वही

आमचे फ्रेंचचे सर सगळं तोंडी सांगून लिहून घ्यायचे. स्वल्पविराम आला की "व्हिर्ग्युल" म्हणायचे, वाक्य संपलं की "प्वँ", आणि आम्ही अकरा जण माना खाली घालून लिहीत सुटायचो. शहरातल्या मल्लेश्वरम भागात एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी हा वर्ग भरायचा. पाठ्यपुस्तक नावाची वस्तू तिथे नव्हतीच. सरांच्या हातात तपकिरी रेक्झिनची एक जाडजूड डायरी असायची आणि तिला ते कुणाला हात लावू देत नसत. तीस वर्षांची मेहनत आहे ही, असं सांगायचे. प्रत्येक पाठ संपला की आमच्या वह्या तपासून खाली तांबड्या शाईने तारीख घालून सही करायचे.

मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. बेळगावच्या शाळेपासून मी हेच करत आले होते. गुरुजींनी सांगायचं, आपण उतरवून घ्यायचं, घोकायचं आणि पेपरात उतरवायचं. जितकं जसंच्या तसं, तितके मार्क जास्त. यात कुणाचं काही चोरलं जातं, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तो विषयही असा होता की मी पार वेडी झाले. फ्रेंच व्याकरण शतकानुशतकं कसं बदलत गेलं, हे सर सांगत. लॅटिनमध्ये शब्दांना भरपूर प्रत्यय होते. बोलता बोलता लोकांनी ते झिजवले. जुन्या फ्रेंचमध्ये नामाची दोनच रूपं उरली, एक कर्त्याचं आणि एक बाकी सगळ्या कामांचं. मग तीही मोडली, आणि वाक्यात कोण कुठे उभं आहे यावरून अर्थ ठरू लागला. नकाराची गोष्ट तर मी काकूला स्वयंपाकघरात उभं राहून सांगितली होती. 'पा' म्हणजे मुळात पाऊल. "मी पाऊलभरही चालत नाही," असं म्हणताना नुसतं जोर द्यायला आलेला हा शब्द. तसेच कण आणि थेंब हे शब्दही आले होते, पण टिकला 'पा'. आता बोलताना लोक मूळचा 'न' गाळतात आणि सगळा नकार एकट्या 'पा'वर चालतो. काकू म्हणाली, पाहुणा आला आणि घरमालकालाच बाहेर काढलं म्हण की.

मी तेव्हा काका-काकूंकडे राहायचे आणि शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी करायचे. फ्रान्सहून आलेल्या यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीत करणं हे माझं काम. बोल्ट, वंगण, पट्टा, पुन्हा बोल्ट. येता-जाता कंपनीच्या बसमध्ये जीव अर्धा व्हायचा. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती, आणि वर्गात बातमी आली की फ्रान्समध्ये वर्षभर भाषेचा अभ्यास करण्यासाठी एक शिष्यवृत्ती आहे. आमच्या गावातून एकच जागा. अर्जासोबत दहा पानांचा फ्रेंच निबंध हवा होता. मला ती जागा इतकी हवी होती की त्या दोन महिन्यांत मी दुसरं काही बोलतच नव्हते.

निबंध मी फ्रेंच व्याकरणाच्या बदलांवर लिहिला. पहिली आठ पानं म्हणजे सरांनी सांगितलेलं सगळं, वहीतून पाठ केलेलं. शेवटची दोन पानं माझी. मराठीतही जुने प्रत्यय असेच झिजले. पण आपण फ्रेंचसारखं शब्दांना रांगेत उभं केलं नाही, उलट शब्दाच्या पाठीला नवी शेपटं जोडली, असं काहीसं मी त्यात मांडलं होतं. निबंध आधी सरांना दाखवला. सुरुवातीला तुमचं नाव घालते म्हटलं, तर ते म्हणाले, माझं नाव कशाला. मला वाटलं, केवढा हा मोठेपणा. वाचून झाल्यावर म्हणाले, "सरी, ठीक आहे. एक शब्द बदलू नकोस."

मुलाखतीला समोर तिघं होती: एक फ्रेंच बाई, एक इथलेच प्राध्यापक आणि गावातले जुने फ्रेंच शिक्षक म्हणून आमचे सर. बाईंनी माझा निबंध उजवीकडे ठेवला आणि डावीकडे निळ्या पुठ्ठ्याचं एक जुनं पुस्तक उघडलं. तिचे वडील शाळामास्तर होते, त्यांच्या कपाटातलं हे पुस्तक तिने माझा निबंध ओळखीचा वाटला म्हणून मुद्दाम घरून मागवून घेतलं होतं. तिने मला माझं तिसरं पान मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचू लागले आणि माझ्या प्रत्येक वाक्याचा शेवट ती पुस्तकातून माझ्याआधी वाचू लागली. तीच उदाहरणं, तोच क्रम, स्वल्पविरामसुद्धा तेच. ते पुस्तक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, हे आम्हाला सरांनी शिकवलंय. आणि सरांकडे पाहिलं. त्यांच्या एका वाक्याने सगळं निभावलं असतं. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत शांतपणे फ्रेंचमध्ये म्हणाले, "मी विद्यार्थ्यांना पुस्तकांची नावं सांगतो. ती कशी वापरायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं."

शेवटच्या दोन पानांबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही.

माझ्याकडे सरांच्या सहीची वही आहे, एवढंच मी कसंबसं बोलले. बाई वाईट नव्हती. सोमवारी वही घेऊन या, म्हणाली.

रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. काका तर हरखूनच गेले. खुद्द सर घरी आले म्हणून काकूने उप्पीट केलं. सरांनी ते चवीने खाल्लं आणि मग मला म्हणाले, काल मी गोंधळलो, चुकलंच माझं. वही माझ्याकडे दे, उद्या मीच त्यांना दाखवून सगळं समजावतो, तू नेलीस तर सरांविरुद्ध तक्रार केल्यासारखं दिसेल. माझ्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण सरांनी वही मागितली आणि विद्यार्थिनीने ती दिली नाही, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. काकांनीच ती कापडी पिशवीत घालून त्यांच्या हातात दिली.

सोमवारी मी रिकाम्या हाताने गेले. सर तिथे आलेच नव्हते. बाईंपर्यंत ना वही पोचली होती, ना निरोप. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि फाईल मिटली. जागा दुसऱ्याला गेली. गळा कापायचा तर निदान समोरून तरी कापावा. यांनी आमच्याकडचं उप्पीट खाऊन कापला.

पंधरा दिवसांनी मी राजाजीनगरला त्यांच्या घरी गेले. सरांचं घराणं मूळचं मराठी, पण कित्येक पिढ्यांपूर्वी इथे येऊन कानडीच झालेलं. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. त्यांना यातलं काहीच ठाऊक नसावं. त्यांनी हसून कॉफी दिली आणि आत गेल्या. मी वही मागितली.

"वही नाही आता," सर म्हणाले. "बघ अम्मा, तू लहान आहेस. आणखी दहा ठिकाणी अर्ज करशील. माझी स्वल्प वर्षं राहिलीत. त्या दिवशी हो म्हटलं असतं, तर मी कोण उरलो असतो?"

"आणि मी कोण उरले, सर?"

ते कॉफीवरची साय चमच्याने बाजूला करत राहिले. सुनावायला मनात खूप काही जुळवून आणलं होतं, ते तसंच राहिलं. शेवटी उठले. अक्का कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, त्यांनी मला कुंकू लावलं.

आणि निघताना मी वाकून सरांच्या पाया पडले. कुणी सांगितलं नव्हतं. पाठ आपसूक वाकली, आणि त्यांनीही सवयीने माझ्या डोक्यावर हात ठेवून यशस्वी हो म्हटलं.

फ्रान्सला न गेल्याचं दुःख चार-पाच वर्षांत विरलं. त्या वाकण्याची चीड मात्र आजही येते, आणि ती सरांची नाही, माझी स्वतःची येते.